तीनशे गुणांची परीक्षा

परीक्षा म्हटली की तुमच्यापैकी पुष्कळांच्या पोटात गोळा येतो. पण आज ज्या परीक्षेची हकीकत सांगायची आहे तिचे नियम ऐकलेत, तर तुमची शालान्त परीक्षा तुम्हांला सोपी वाटू लागेल. तीन विषय, प्रत्येकी १०० गुण. उत्तीर्ण होण्यासाठी प्रत्येक विषयात निदान ७० गुण हवेत. एका विषयात ६९ पडले आणि उरलेल्या दोन्हींत पैकीच्या पैकी मिळाले, तरी निकाल नापास! शिवाय परीक्षेच्या ऐन मध्यावर कोणीतरी जवळच पिस्तुलाचे बार काढतो. त्या आवाजाने परीक्षार्थी भेदरून पळाला, तर त्याला तिथल्या तिथे बाद करतात. परीक्षार्थीचे वय किती म्हणाल, तर अवघे दीड वर्ष.

हा परीक्षार्थी म्हणजे कुत्रा. परीक्षेचे जुने जर्मन नाव ‘शुट्झहुंड’. ‘शुट्झ’ म्हणजे संरक्षण आणि ‘हुंड’ म्हणजे कुत्रा. २०१९ पासून तिला आंतरराष्ट्रीय नियमावलीत ‘आयजीपी’ म्हणतात, पण जुने नाव अजून जगभर लोकांच्या तोंडी आहे. माग काढणे, आज्ञापालन आणि संरक्षण हे तिचे तीन विषय. त्यांच्या आधी चौथी एक गोष्ट पाहतात, ती म्हणजे कुत्र्याचा स्वभाव. तिला गुण नाहीत, पण तिच्यात नापास झालेल्या कुत्र्याला पुढचे पेपर द्यायलाच मिळत नाहीत.

आता तुम्ही विचाराल, कुत्र्याची एवढी कसून परीक्षा घ्यायची ती कशासाठी? पोलिसांत भरती करण्यासाठी? तसे नव्हे. ही परीक्षा निघाली ती निराळ्याच प्रश्नातून, आणि तो प्रश्न आनुवंशिकतेचा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची गोष्ट. जर्मनीत माक्स फॉन श्टेफानिट्झ नावाचा एक घोडदळातला कप्तान होता. धनगरांची मेंढरे राखणाऱ्या कुत्र्यांचे त्याला भारी वेड. त्या वेळी जर्मनीच्या प्रत्येक भागात मेंढरांमागची कुत्री निराळ्या रूपाची होती. कुठे केसाळ, कुठे आखूड केसांची, कुठे पडक्या कानांची. १८९९ च्या एप्रिलात कार्ल्सरूह येथील प्रदर्शनात त्याला लांडग्यासारखा दिसणारा, मजबूत आणि चलाख असा एक कुत्रा दिसला. त्याने तो तिथेच विकत घेतला, त्याचे नाव ‘होरांड फॉन ग्राफ्राथ’ असे ठेवले आणि त्याच महिन्यात जर्मन शेफर्ड कुत्र्यांची संस्था स्थापन केली. तिच्या वंशावळीच्या वहीत क्रमांक एकवर होरांडची नोंद आहे. आपल्याकडे ज्याला आजही अनेक जण ‘अल्सेशियन’ म्हणतात, तोच हा कुत्रा. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडात ‘जर्मन’ हा शब्द नकोसा झाला, म्हणून तिकडे हे दुसरे नाव पडले. तिथल्या केनेल क्लबने जुने नाव परत मान्य केले ते १९७७ साली!

श्टेफानिट्झच्या डोक्यात एक गोष्ट पक्की होती. कुत्र्याची किंमत त्याच्या कामावर ठरावी, रूपावर नव्हे. पण त्याच सुमारास जर्मनीत कारखाने वाढत होते, कुरणे आटत होती आणि मेंढरे कमी होत होती. काम गेले की काय होते? जातीची निवड कामावरून होईनाशी होते आणि लोक कानांची टोके, केसांचा रंग, पाठीची रेघ पाहून पिल्ले निवडू लागतात. दिसायला देखणा पण फटाक्याच्या आवाजाने पलंगाखाली लपणारा कुत्रा प्रदर्शनात पहिला येतो, मग त्याचीच पिल्ले जास्त होतात. चार-सहा पिढ्यांत जातीचे रूप राहते आणि गुण नाहीसे होतात.

आपला शेतकरी बैल घेताना काय करतो ते आठवा. तो बाजारात शिंगे, खूर, वशिंड हे सगळे पाहतो खरे, पण जाणता माणूस बैल गाडीला जुंपून पाहिल्याशिवाय पैसे मोजत नाही. श्टेफानिट्झने केले ते हेच. कुत्र्यांना कामाला जुंपून पाहण्याची एक ठरावीक पद्धत त्याच्या संस्थेने बसवली आणि १९०१ साली पहिली शुट्झहुंड परीक्षा घेतली. शुट्झहुंडची किंवा मेंढरे राखण्याची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या कुत्र्यांचीच पिल्ले त्या संस्थेच्या वंशावळीत रीतसर घ्यायची, असा दंडक पुढे जर्मनीत रूढ झाला. म्हणजे कुत्र्याने मिळवलेले गुण त्याच्या न जन्मलेल्या पिल्लांसाठी असतात, असे म्हटले तरी चालेल.

भूत आले तर?

आधी स्वभावाचे पाहू. परीक्षेच्या दिवशी परीक्षक प्रत्येक कुत्र्याजवळ जातो, त्याची ओळखखूण तपासतो आणि त्याची वागणूक न्याहाळतो. त्याच्याही आधी कुत्र्याने एक प्राथमिक परीक्षा दिलेली असते. तीत त्याला रस्त्यावर नेतात. सायकली, मोटारी, धावणारी माणसे, इतर कुत्री यांच्यामधून तो शांतपणे गेला पाहिजे. मालक दिसेनासा झाला असताना, बांधून ठेवलेला असताना, दुसरे कुत्रे जवळून गेले तरी त्याने आकांडतांडव करता कामा नये.

स्वभाव मोजण्याच्या बाबतीत मला स्वीडनची पद्धत अधिक शास्त्रीय वाटते, म्हणून तिच्याबद्दल दोन शब्द सांगतो. तिकडे कुत्रा एका वाटेने चालत असतो आणि वाटेवर एकामागून एक प्रसंग घडतात. अनोळखी माणूस पुढे येऊन हात देतो. चिंधी खेळायला मिळते. मग अचानक समोरच दोरीने एक रिकामा डगला ताडकन उभा राहतो. पुढे पत्र्यावरून साखळी खडखडते. नंतर पांढऱ्या चादरी पांघरलेली दोन ‘भुते’ झाडांतून सावकाश पुढे येतात! परीक्षक कुत्रा चांगला की वाईट असा शेरा मारत नाही. तो किती मागे सरला, किती वेळाने परत फिरून त्या डगल्याला हुंगायला गेला, भुंकला की नाही, हे आकड्यांत टिपतो. स्वार्टबेर्ग आणि फोर्कमन या संशोधकांनी १६४ जातींच्या १५,३२९ कुत्र्यांच्या अशा नोंदी तपासल्या. २००२ साली त्यांनी दाखवले की त्यांतून स्वभावाचे पाच वेगवेगळे घटक निघतात. खेळकरपणा, निर्भय कुतूहल, पाठलागाची ओढ, माणसांची आवड आणि आक्रमकपणा हे ते पाच.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की दचकणे हा दोष नव्हे. डगला उभा राहिला की जवळजवळ प्रत्येक कुत्रा दचकतो, तुम्हीही दचकाल. फरक पडतो तो दचकल्यानंतर. चांगला कुत्रा काही क्षणांत सावरतो आणि ‘हे आहे तरी काय?’ म्हणून पाहायला जातो. भित्रा कुत्रा सावरत नाही. आणि भित्रा कुत्रा निरुपद्रवी असतो असे तुम्ही समजत असाल, तर ती समजूत सोडून द्या. कोपऱ्यात सापडलेला भित्रा कुत्राच कोणालाही, लहान मुलालासुद्धा, कडकडून चावतो.

नाकाचा पेपर

पहिला विषय, माग काढणे. एक माणूस गवताच्या किंवा नांगरलेल्या शेतातून ठरलेल्या मार्गाने चालत जातो. वाटेत तो कातडे, कापड, लाकूड अशा पदार्थांच्या लहान वस्तू टाकतो. त्यांची लांबी सुमारे १० सेंटिमीटर असते. पहिल्या इयत्तेत हा माग ३०० पावलांचा आणि २० मिनिटांचा जुना असतो. त्यावर दोन वळणे असतात आणि तो कुत्र्याच्या स्वतःच्या हस्तकानेच पाडलेला असतो. (कुत्रा हाताळणाऱ्याला आपल्या पोलीस श्वानपथकात ‘हस्तक’ म्हणतात. तोच शब्द इथे वापरतो.) तिसऱ्या इयत्तेत मात्र माग अनोळखी माणसाचा, ६०० पावलांचा, चार वळणांचा आणि तासभर जुना असतो, आणि त्यावर तीन वस्तू असतात. कुत्रा पुढे चालतो आणि १० मीटर लांबीच्या दोरीचे टोक धरून हस्तक मागे. कुत्र्याने नाक जमिनीशी ठेवून पावलामागून पाऊल हुंगत जायचे, वस्तू सापडली की तिथे बसायचे, आडवे व्हायचे, नुसते उभे राहायचे किंवा ती उचलायची. हस्तक ती वस्तू डोक्यावर उंच धरून परीक्षकाला दाखवतो. १०० पैकी ७९ गुण मागावरच्या चालीला असतात आणि २१ वस्तूंना.

गंमत अशी की जो कुत्रा डोके वर करून, वाऱ्यावरचा वास घेत, आडवाटेने धावत जाऊन शेवट गाठतो, त्याचे गुण कापतात. ‘उत्तर बरोबर आहे, पण रीत कुठे आहे?’ असे तुमचे गणिताचे गुरुजी म्हणतात ना, तसेच हे!

पण कुत्रा नेमके हुंगतो तरी काय? या प्रश्नावर जॉर्ज रोमानिस या इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञाने केलेले प्रयोग अतिशय सुंदर आहेत. १८८७ साली ते ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्याकडे एक सेटर जातीची कुत्री होती. तिच्या अपरोक्ष तो ११ माणसांना घेऊन निघाला. सर्वांत पुढे तो स्वतः, आणि मागच्या प्रत्येकाने पुढच्याच्या पावलावर नेमके पाऊल ठेवायचे. अशा रीतीने २०० यार्ड गेल्यावर त्याने पाच जणांसह उजवीकडे वळण घेतले. बाकीचे डावीकडे गेले आणि सगळे लपून बसले. म्हणजे रोमानिसच्या प्रत्येक ठशावर आता आधी अकरा आणि पुढे पाच जणांचे ठसे चढलेले! कुत्रीला सोडले. ती वेगाने निघाली, वेगाच्या भरात वळण चुकून पुढे गेली, पण लगेच मागे येऊन उजवीकडे वळली आणि थेट धन्याजवळ आली.

पुढे त्याने बुटांची अदलाबदल केली. परक्याने रोमानिसचे बूट घातले, तेव्हा कुत्री त्या परक्याच्या मागावर गेली. रोमानिस परक्याचे बूट घालून चालला, तेव्हा तिने त्याच्या मागाकडे ढुंकूनही पाहिले नाही. मग त्याने स्वतःच्या बुटांच्या तळाला जाड तपकिरी कागद चिकटवला. कुत्रीला माग लागेना. पण चालता चालता ज्या जागी कागद झिजून त्याला भोक पडले होते, तिथे येताच तिने माग धरला! एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम पाहायचा, हे प्रयोगशास्त्राचे सूत्र इथे कागदाच्या तुकड्यावर आणि बुटाच्या जोडीवर शिकायला मिळते. शिक्षकांनी वर्गात जरूर सांगावे असे हे उदाहरण आहे.

मागाला माणसाचा वास असतो, तसा जमिनीचाही असतो. पाऊल पडले की गवताची पाती चिरडतात, त्यांतला रस बाहेर येतो, मातीचा थर फुटतो आणि आतला ओलसर वास मोकळा होतो. शेतातल्या मागावर कुत्रा हे दोन्ही वास एकत्र वापरतो. कोरड्या रस्त्यावर दुसरा वास नसतो, म्हणून तिथे काम अवघड होते.

आता नाकाची रचना पाहा. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख असतात असे मानतात. मोठ्या कुत्र्याच्या नाकात त्या वीस कोटींच्या घरात. पण नुसती संख्या म्हणजे सर्व काही नव्हे. कुत्र्याच्या नाकात शिरलेल्या हवेचे दोन प्रवाह होतात. मोठा भाग फुप्फुसांकडे जातो आणि सुमारे १२-१३ टक्के हवा नाकाच्या मागच्या बाजूला असलेल्या एका बंद कोनाड्यात शिरते. तिथे पातळ हाडांच्या भेंडोळ्यांवर या पेशी पसरलेल्या असतात. श्वास सोडताना ती हवा लगेच ढवळून निघत नाही. शिवाय उच्छ्वास नाकपुड्यांच्या बाजूच्या फटींतून मागे आणि बाहेर फेकला जातो, त्यामुळे समोरचा वास उधळत नाही. कुत्रा नाकाजवळ असेल तेव्हा त्या नाकपुडीच्या कडेची स्वल्पविरामासारखी फट बघून ठेवा.

याहून थक्क करणारी गोष्ट दिशेची. माग आडवा आला, तर माणूस डावीकडे गेला की उजवीकडे हे कुत्र्याला कसे कळते? नॉर्वेतील संशोधकांनी १९९३ साली शिकवलेल्या जर्मन शेफर्ड कुत्र्यांवर हा प्रयोग प्रसिद्ध केला. कुत्रा मागावर आला की सेकंदाला सुमारे सहा वेळा हुंगत दोन ते पाच पावले तपासतो, तीन ते पाच सेकंद घेतो आणि बरोबर दिशेला निघतो. २००५ साली बेलफास्टच्या हेपर आणि वेल्स यांनी पावलांची संख्या कमी कमी करून पाहिली. पाच पावले मिळाली तर दिशा कळते, तीनच असतील तर नाही. पहिल्या आणि पाचव्या पावलांत अंतर फार तर दोन-तीन सेकंदांचे. तेवढ्या वेळात वास जो काही उणा-अधिक होतो, तो फरक त्या नाकाला समजतो!

‘फूस’, ‘झिट्स’, ‘प्लाट्स’

दुसरा विषय आज्ञापालनाचा. याबद्दल फार सांगण्यासारखे नाही, कारण तुम्ही पोलिसांची प्रात्यक्षिके पाहिली असतील. कुत्रा पट्ट्याशिवाय डाव्या पायाशी चालतो (‘फूस’), चालता चालता सांगितले की बसतो (‘झिट्स’), पडतो (‘प्लाट्स’), उभा राहतो. एक मीटर उंचीच्या अडथळ्यावरून आणि १ मीटर ८० सेंटिमीटर उंचीच्या तिरप्या भिंतीवरून लाकडी डंबेल आणतो. तिसऱ्या इयत्तेत सपाट जमिनीवरून आणायचे डंबेल दोन किलोंचे असते. बार काढतात ते याच विषयात.

मला यातला सर्वांत कठीण भाग वाटतो तो वेगळाच. एक कुत्रा मैदानावर उड्या मारत असताना दुसऱ्या कुत्र्याने बाजूला गप्प पडून राहायचे. मित्र क्रिकेट खेळत आहेत आणि तुम्हांला बांधाजवळ बसून राहायला सांगितले आहे अशी कल्पना करा. कुत्र्याला धावायला शिकवावे लागत नाही, थांबायला शिकवावे लागते. परीक्षक केवळ हुकूम पाळला की नाही एवढेच पाहत नाही, तर कुत्रा आनंदाने काम करतो की शेपूट घालून, हेही पाहतो. दडपणाखाली काम करणाऱ्या कुत्र्याचे गुण कापले जातात.

चावणे नव्हे, सोडणे

तिसरा विषय संरक्षणाचा, आणि वादही सगळा याच विषयावर आहे. मैदानावर सहा आडोसे उभारलेले असतात. त्यांपैकी एकामागे गुन्हेगाराची भूमिका करणारा मदतनीस लपतो. त्याच्या हातावर जाड भरीव बाही असते आणि हातात मऊ वेष्टनाची छडी. कुत्रा एकेक आडोसा फिरून शोधतो. माणूस सापडला आणि तो स्तब्ध उभा असला, तर कुत्र्याने त्याला शिवायचे नाही! समोर उभे राहून फक्त भुंकायचे. माणूस पळू लागला किंवा अंगावर आला तरच पकडायचे, तेही बाहीलाच. आणि हस्तकाने ‘आउस’ म्हणताच सोडायचे. पहिल्या आज्ञेला सोडले नाही, तर आणखी दोन आज्ञा मिळतात. तरीही सोडले नाही, तर कुत्रा बाद. एका टप्प्यात मदतनीस लांबून ओरडत, छडी उगारत सरळ कुत्र्यावर धावून येतो. बहुतेक प्राणी अशा वेळी वाट सोडतील. याने सोडायची नाही.

तेव्हा या पेपरात मोजतात ते चावण्याचे जोर नव्हे, तर जोरावरचा ताबा. पण खरोखर तोच मोजला जातो का? टीकाकार म्हणतात की हुशार कुत्र्याला बाही हे खेळणे वाटते. मदतनीसाने ती हातातून सोडून दिली, तर तो ती तोंडात धरून मिरवत निघतो आणि समोरच्या माणसाकडे पाहतसुद्धा नाही. याला शौर्य म्हणावे की चेंडूफळीचा खेळ? म्हणूनच अनेक पोलीस दले असा उत्तीर्ण कुत्रासुद्धा पुन्हा तपासून घेतात. कधी कपड्यांखाली लपवलेली बाही वापरून, तर कधी कुत्र्याला मुसके बांधून. माझ्या मते टीकेत तथ्य आहे, पण त्यामुळे परीक्षा निरुपयोगी ठरत नाही. धावून येणाऱ्या माणसासमोर टिकणे आणि ऐन रागात एका शब्दावर थांबणे, ही दोन्ही खेळातसुद्धा ढोंगाने करता येत नाहीत.

शिकवण्याच्या पद्धतीवरही वाद झाला. काटेरी पट्टे वापरून सोडायला शिकवण्याची रीत पूर्वी सर्रास होती. जर्मनीने प्रशिक्षणात अशा वेदनादायक साधनांना १ जानेवारी २०२२ पासून बंदी घातली, तेव्हा बर्लिनच्या पोलिसांची काही काळ पंचाईत झाली. चेंडू आणि खाऊ देऊन शिकवण्याची रीत अर्थातच त्याआधीपासून अनेक जण वापरत होते.

पिल्लू पाहून सांगता येईल का?

दीड-दोन वर्षे कुत्रा पोसायचा, शिकवायचा आणि मग तो नापास! हा खर्च मोठा आहे. तेव्हा आठ आठवड्यांचे पिल्लू पाहूनच निवड करता आली तर? स्वीडनमध्ये ६३० जर्मन शेफर्ड पिल्लांची अशी चाचणी घेतली आणि तीच पिल्ले सुमारे सव्वा ते दीड वर्षाची झाल्यावर पुन्हा तपासली. १९९८ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष निराशाजनक होता. आठव्या आठवड्याच्या चाचणीवरून मोठेपणीच्या कामाचा अंदाज बांधता येत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या पोलिसांकडील पिल्लांवरचा १९९९ चा अभ्यास थोडा आशादायक होता. आठ आठवड्यांचे असताना वस्तू तोंडात धरून परत आणणे आणि नऊ महिन्यांचे असताना दिसलेली आक्रमकता, यांचा पुढच्या यशाशी संबंध दिसला. जोतिषी पाळण्यातले पाय पाहून भविष्य सांगतो, शास्त्राला मात्र नऊ महिने थांबावे लागते!

परीक्षकाला उत्तर ठाऊक असेल तर

आता एक नाजूक प्रश्न. १९०४ च्या सुमारास बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा गणिते सोडवत असे. पाच अधिक तीन किती, तर तो आठ वेळा खूर आपटे. मालक लबाड नव्हता. ओस्कार फुंगस्ट या मानसशास्त्रज्ञाने १९०७ साली रहस्य उलगडले. विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक नसले, की घोड्यालाही येत नसे. विचारणाऱ्याच्या नकळत होणारी मानेची बारीक हालचाल पाहून घोडा थांबत होता.

कुत्र्याचे काय? २०११ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी १८ हस्तक आणि त्यांची वास हुंगून शोध घेणारी कुत्री घेतली. चार खोल्यांत शोध घ्यायचा होता. काही ठिकाणी लाल कागद लावले होते आणि हस्तकांना सांगितले होते, की तो कागद असेल तिथे वासाची वस्तू आहे. प्रत्यक्षात एकाही खोलीत काहीही ठेवलेले नव्हते. १४४ शोधांपैकी फक्त २१ शोधांत ‘इथे काही नाही’ हे बरोबर उत्तर मिळाले! कुत्र्यांची नाके बिघडली नव्हती. हस्तकाला जे वाटत होते, ते दोरीतून, नजरेतून, रेंगाळलेल्या पावलांतून कुत्र्यापर्यंत पोचत होते. कदाचित काही वेळा हस्तकच कुत्र्याच्या वागण्याचा हवा तो अर्थ लावत होते.

इथे प्रश्न गुणांचा राहत नाही, माणसाच्या आयुष्याचा होतो. १९६९ साली महाराष्ट्रातून गेलेल्या एका अपिलात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मागावरच्या कुत्र्याच्या पुराव्याचा ऊहापोह केला आहे. कुत्रा साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहून शपथ घेऊ शकत नाही, त्याची उलटतपासणी होऊ शकत नाही, आणि माणसाचे स्वातंत्र्य कुत्र्याच्या अनुमानावर अवलंबून ठेवणे बरे नव्हे, असे आक्षेप त्यात नोंदलेले आहेत. अशा पुराव्याला सामान्यतः फारसे वजन देता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. कुत्र्याने दाखवलेल्या दिशेने तपास करावा, पण गुन्हा सिद्ध करायला दुसरा पुरावा हवा. याउलट स्फोटकांचा शोध घ्या. १९९३ च्या बाँबस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या ‘झंजीर’ या लॅब्रॅडॉरने तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स शोधायला मदत केली. तिथे कुत्रा बसला की माणसे ती जागा उघडून पाहतात. वस्तू मिळते किंवा मिळत नाही. कुत्र्याचे उत्तर तिथल्या तिथे तपासता येते. माणसाकडे बोट दाखवणाऱ्या कुत्र्याचे उत्तर असे उघडून पाहता येत नाही.

यावर उपाय आहे आणि तो फुंगस्टच्याच प्रयोगात आहे. वस्तू ठेवणारा वेगळा, हस्तक वेगळा, आणि शोध चालू असताना उत्तर ठाऊक असलेला कोणीही जवळ नको. तिसऱ्या इयत्तेचा माग परक्या माणसाने पाडलेला असतो, पण परीक्षकाला तो ठाऊक असतो आणि तो मागून चालत येतो, हेही तुमच्या लक्षात आले असेल.

हा प्रयोग तुम्हांला घरी करता येईल. कुत्रा घरचा आणि ओळखीचाच हवा, रस्त्यावरचा किंवा परका नको. एकसारखे तीन रिकामे डबे घ्या, झाकणांना भोके पाडा. एकात सुकटीचा किंवा तूप लावलेल्या भाकरीचा तुकडा ठेवा. मित्राने फासा टाकून डबा ठरवावा, डबे मांडावेत आणि खोलीबाहेर जावे. दर वेळी डबे आलटून पालटून वापरा, म्हणजे एकाच डब्याला वास चिकटून राहणार नाही. मग तुम्ही कुत्र्याला घेऊन या आणि तो कोणत्या डब्याशी थांबतो ते लिहा. वीस वेळा असे करा की तुम्हांला उत्तर आधी सांगितलेले आहे. मग दुसऱ्या दिवशी वीस वेळा असे करा की ते तुम्हांला मुळीच ठाऊक नाही. त्यानंतर सर्व डबे रिकामे ठेवून, पण ‘तुकडा मधल्या डब्यात आहे’ असे मित्राने तुमच्या बहिणीला सांगून, तिला कुत्र्याबरोबर पाठवा. तीन तक्ते शेजारी शेजारी मांडा. पहिल्या दोन तक्त्यांत वीसपैकी सहा-सात उत्तरे नुसत्या योगायोगानेही बरोबर येतील, एवढे ध्यानात ठेवा, आणि तिसऱ्या तक्त्यात कुत्रा मधल्या डब्याशी किती वेळा थांबला ते मोजा.